भाऊजींची शिट्टी

भाऊजी घरात शिरायच्या आधी दारात उभे राहून शिट्टी वाजवत. एकच, लांब. म्हणजे गाडी थांबली! मग चपला काढता काढता उंबऱ्यातूनच ओरडत, "पुढं सरका, पुढं सरका, जागा होते!" घर एका खोलीचं. त्यात ते, माझी थोरली बहीण सुमनताई, त्यांची तीन लेकरं आणि कॉलेजसाठी बेल्याकडच्या खेड्यातून आदिलाबादला आलेली मी. सरकायला जागाच नसे. तरी आम्ही सरकत असू, आणि खरंच जागा होत असे.

भाऊजी आदिलाबाद-बेला गाडीवर कंडक्टर. आता ते सगळे ताईच्या शाळेजवळ राहायला गेले आहेत आणि मी हॉस्टेलमध्ये आहे. इथे संध्याकाळी दारात कुणी शिट्टी वाजवत नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं. नीट जमेल की नाही, मला माहीत नाही.

लेकरं तिळी होती. गौतम, आनंद आणि सगळ्यांत लहानखुरी रमा. अडीच वर्षांची झाली होती, पण शी-शूचं अजून सांगत नव्हती. एकाची चड्डी बदलावी तर दुसरा ओली करी, त्याला धरावं तर तिसरी कोपऱ्यात गप्प बसलेली सापडे. आमच्याकडचं उन्हाळ्याचं ऊन एवढं कडक, की दोरीवर टाकलेली चड्डी पाठ फिरवेपर्यंत वाळते. तरीही चड्ड्या कमी पडत!

त्याच उन्हाळ्यात ताईला बेल्याच्या वाटेवरच्या एका सरकारी शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली. शाळा उघडताना हजर व्हायचं होतं. तिनं लग्नाआधी ट्रेनिंग केलं होतं आणि मग सगळं तिळ्यांच्या लंगोटांखाली दबून गेलं होतं. लेकरं सांभाळणार कोण? आमची आई रोज दुसऱ्यांच्या शेतात, भाऊजींची आई हयात नाही. शेजारच्या शंकरम्मा तयार होत्या, पण एका अटीवर. नको-नको असा हात हलवत त्या आपल्या तेलुगू मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "चड्डी खराब करणारे वद्दम्मा, वद्दू! सांगाले लागले, की तिघं बी आण. मी भात भरवते, झोपवते, सगळं करते. हे नको!"

ताई हळूच म्हणाली, "राहू द्या जी. पुढच्या वर्षी पाहू."

भाऊजी जेवता जेवता उठले. "पुढची गाडी येते का नायी, कोणाले ठाऊक? जी उभी हाय तिच्यात बस, सुमन! पोरायचं मी पाह्यतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठून तरी विटा आणल्या आणि मागच्या अंगणात मोरीशेजारी दोन-दोन विटांच्या तीन जागा मांडल्या. शेजारी राखेचं घमेलं. मग मला हाक मारली, "वंदना, पाह्य! बेला, जैनथ, आदिलाबाद! तीन स्टॉप!" एक लांब शिट्टी वाजली, की प्रत्येकानं आपल्या स्टॉपवर बसायचं. दोन आखूड वाजल्या, की उठायचं. "बसच्या ड्रायव्हरले समजते, तर याईले काऊन नायी समजणार?"

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. तिघांनाही आदिलाबादच पाहिजे! गौतम रमाला ढकली, आनंद विटेवर बसण्याऐवजी वीटच उचलून नेई. भाऊजी न चिडता सांगत, "भांडू नका, सगळ्यायले सीट भेटते." स्वतः समोर उकिडवे बसून, गाल फुगवून, डोळे मोठे करून शिट्टी फुंकत. आणि एका सकाळी शिट्टी वाजली, तिघं धावली, बसली आणि तिघांचंही झालं! भाऊजींनी मला, ताईला, भिंतीवरून बघणाऱ्या शंकरम्मांना, सगळ्यांना हाका मारल्या. "या, या! गाडी टायमावर आली!" आम्ही टाळ्या वाजवल्या. तिळ्यांनीही स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

पण भाऊजी ड्यूटीवर गेले की शिट्टी त्यांच्याबरोबर जाई. एका दुपारी कळलं, की लेकरं आता शिट्टीशिवाय करतच नाहीत. तिघं पाय आवळून उभी, रमा रडून लाल झालेली. ताई घाबरली. एक तिच्या कडेवर, एक माझ्या, आणि गौतमला हाताला धरून आम्ही बसस्टँडवर धावलो. भाऊजींची गाडी फलाटावरून मागे येत होती आणि ते मागे उभे राहून ड्रायव्हरला इशारा देत होते. गाडी पुरेशी मागे आली तशी त्यांनी नेहमीसारखी एक लांब शिट्टी दिली.

तिळे हातांतून घसरले आणि माणसांनी भरलेल्या फलाटावर एका रांगेत बसले.

ताईनं पदर तोंडावर घेतला. मला तर जमिनीत शिरावंसं वाटलं, कारण तिथे माझ्या कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. एक म्हातारबुवा आपलं गाठोडं उचलत म्हणाले, "अबे बापा, मिलिटरी हाय का हे?" आणि भाऊजी! ते आनंदानं ओरडले, "पाह्यलं? पाठ झालं! पाठ झालं पोरायचं!" मग स्वतःच पाण्याची बादली आणून फलाट धुतला.

संध्याकाळी ताई म्हणाली, "पाठ झालं, पण सांगत तर नायी ना. तुमी नसल्यावर कसं करायचं जी?"

भाऊजींनी शिट्टी तिच्या हातावर ठेवली. "तू वाजव."

"बाईमाणसानं शिट्टी वाजवावी का? गल्ली काय म्हणंल?"

"आन् शाळेत पोरं पीटीले उभी करशीन, तवा काय वाजवशीन? बांगड्या?"

मला हसू आलं. ताईनं माझ्याकडे रागानं पाहिलं, शिट्टी पदरानं पुसली आणि फुंकली. नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा तिनं एवढ्या जोरात वाजवली, की समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. तिळे विटांकडे धावले. ताई शिट्टी हातात घेऊन ताठ उभी होती. वर्गासमोर ती कशी उभी राहील, ते मी तेव्हाच पाहिलं.

शाळा उघडायचा दिवस आला. ताई नवी साडी नेसली. आता शिट्टी शंकरम्मांना द्यायची, असं ठरलं होतं. पण त्या मागेच सरकल्या. "मी शिट्टी वाजवू? या वयात? वद्दू! मी म्हटलं होतं, मुलांनी सांगायचं." गाडीची वेळ होत आली होती. ताईनं हातातली पर्स खाटेवर ठेवली. भाऊजींनी शिट्टी खाटेवरच्या खाकी शर्टाच्या खिशात टाकली आणि ते शंकरम्मांना विनवत दाराकडे गेले.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. एकच, लांब.

आम्ही सगळे मागे धावलो. खाटेवर ठेवलेला भाऊजींचा खाकी शर्ट रमानं अंगणात फरफटत नेला होता. खिशातली शिट्टी तोंडात, गाल फुगलेले, डोळे मोठे, आणि ती आदिलाबादवर बसली होती! भाऊ तिच्या शेजारी, जैनथ आणि बेल्यावर येऊन बसले.

शंकरम्मा हसता हसता भिंतीला टेकल्या. "सांगितलं की! हिनं तिघांचं सांगितलं! जा सुमन, जा, गाडी जाईल."

भाऊजींनी शर्ट झटकला, पण शिट्टी परत मागितली नाही. रमाच्या गळ्यात दोरीनं बांधली आणि ताईला घेऊन पळत सुटले.

आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच त्यांची गाडी जाई. मी आणि शंकरम्मा तिळ्यांना घेऊन तिथे उभ्या राहिलो. गाडी आली. खिडकीत ताई, तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. दारात भाऊजी, शिट्टी नाही म्हणून पत्र्यावर थाप मारत, "रैट, रैट!" म्हणत होते.

रमानं लांब शिट्टी वाजवली.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आदळली. काय झालं ते भाऊजींना क्षणात कळलं. उडी मारून ते खाली आले, एका काखेत रमा, दुसऱ्या काखेत आनंद, मागे गौतम, असे लिंबाच्या झाडामागे धावले.

"अहो, मले पह्यल्याच दिवशी उशीर होऊन राह्यला!" ताई खिडकीतून ओरडली.

"पाच मिनिटं, मॅडम!" झाडामागून आवाज आला. "पॅसेंजर उतरून राह्यले!"

सगळी गाडी हसली आणि थांबून राहिली.