पांढरं ते आपलं

धक्क्यावर पोचलं की डॉक्टर आधी वाकायचे. हातमोज्याचं बोट दगडावर फिरवायचे आणि म्हणायचे, "पांढरं ते आपलं, काळं ते त्याचं."

इथं हिवाळ्यात दंव गोठून धक्का पांढरा होतो. जिथवर लाट येऊन जाते तिथलं दंव खाऱ्या पाण्यानं धुऊन निघतं, दगड काळा दिसतो. त्या काळ्यावर पाय टाकायचा नाही, एवढंच त्यांचं शास्त्र.

मला हसू यायचं. मी कोकणातला, चौथीतून उठून होडीवर गेलेला. पुढं तीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. माझ्या शब्दावर माणसं पाण्यात उतरायची. आणि मला समुद्र शिकवणार कोण, तर नागपूरचा माणूस!

बायको गेल्यावर मी इंग्लंडच्या या उत्तर किनाऱ्यावर लेकीकडे राहायला आलो. डॉक्टर दोन घरं सोडून राहायचे. लीड्सला हॉस्पिटलात जन्म काढून रिटायर झालेले. त्यांच्या घरात मासा चालत नसे. म्हणून धरलेला कॉड आमच्या दारात ठेवायचे. "तांडेल, मिसेसला बोलू नका हं. तिला वाटतं मी वॉकला जातो." वहिनींना सगळं ठाऊक होतं. वास लपतो होय? तुमच्याही शेजारात असेल असा एखादा.

गळाला किडे लावता लावता बोटं लाकूड व्हायची. डॉक्टर माझं नख दाबून बघायचे. "रक्त परत येतंय. अजून अर्धा तास चालेल."

पहिल्याच हिवाळ्यात मी मुद्दाम काळ्यावर जाऊन उभा राहिलो. समुद्र तळ्यासारखा निपचित. "या डॉक्टर, तो चावत नाही," म्हटलं. शब्द तोंडातच होता आणि एक लाट येऊन पाणी कमरेला आलं. ओरडायला गेलो तर छातीच आवळली. दम आत गेला तो बाहेर येईना. कॉलरला हात पडला म्हणून राहिलो.

ते रागावले नाहीत. माझे बूट काढत म्हणाले, "या थंडीत पोहणं कामाला येत नाही. माणूस आधी श्वास ओढतो. तेव्हा तोंडात पाणी असलं की संपलं."

"माझा पाय घसरला नव्हता," मी म्हणालो. दात वाजत होते तरी म्हणालो.

आमच्यात मोसमाच्या सुरुवातीला समुद्राला नारळ देतात. इथला मोसम हिवाळ्यात. नारळ मी पांढऱ्यावरूनच भिरकावू लागलो, पण मनाला लागायचं. माझ्या बापानं नारळ कधी फेकला नाही, हातानं पाण्यात सोडला.

या हिवाळ्यात मला ताप होता. सकाळी सकाळी डॉक्टर बघायला आले. म्हणाले, "द्या नारळ, मी टाकून येतो."

"टाकू नका. भिकाऱ्याला टाकतात. हातानं सोडा."

ते हसले. "बरं तांडेल. तुमचा शब्द."

पाणी कुठं आणि पांढरं कुठं, हे मला दिसत होतं. तरी मी नको म्हटलं नाही.

दहा वाजता वहिनी दारात. "हे अजून आले नाहीत." मी ब्लँकेटासकट धावलो. पांढऱ्यावर थर्मास उभा, झाकण घट्ट लावलेलं. गळाची काठी आडवी. बुटांचे ठसे काळ्यापर्यंत गेलेले. परतीचे नाहीत. कोस्टगार्डची बोट दोन दिवस फिरली.

"घसरले असतील," मी सगळ्यांना सांगितलं. लेकीलाही तेच.

परवा पुन्हा दंव पडलं. मी धक्क्यावर गेलो, वाकलो, बोट फिरवलं. मागं वहिनी आलेल्या. मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी बाई, त्या दिवशी पदर न लावताच उभी होती.

"तांडेल, जाताना यांच्या हातात नारळ होता. आमच्या घरातला नव्हता तो."

मला पुन्हा तसंच झालं. दम आत गेला तो बाहेर येईना.

"माझा होता," मी म्हणालो.

वहिनी काळ्याकडं बघत राहिल्या. मग एक पाऊल पुढं टाकलं तशी मी त्यांचा पदर धरला.

"तिकडं नाही वहिनी. पांढरं ते आपलं."