साहेबांचा कॉम्प्युटर आणि बाळंतिणींचा कूलर

साहेब उंबऱ्याबाहेर चपला काढत, खिशातला रुमाल झटकत आणि कॉम्प्युटरवरचे प्लास्टिकचे आवरण या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुसत. आवरण आधीच स्वच्छ असे. मग मागे वळून, दारात जो कोणी उभा असेल त्याला दोनच शब्द सांगत, "आधी चपला."

घरात पहिला टीव्ही आल्यावर त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. साहेब त्यातलेच. फक्त त्यांच्या ताब्यात अख्खा दवाखाना होता.

दवाखाना चंद्रपुरातला, एका ट्रस्टचा. साहेब तिथले प्रशासक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मी. कॉम्प्युटरबरोबरची जाडजूड पुस्तके इंग्रजीत होती आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली. एवढ्या योग्यतेवर मला नोकरी मिळाली. मी घुग्घुसहून बसने येत असे. "कोळशाच्या गावातून येता," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "ओढणी बाहेर झटकून येत जा. मशीनला धूळ चालत नाही." मी "हो सर" म्हटले. पुढेही बहुतेक वेळा तेवढेच म्हणत आले. न बोलणाऱ्या मुलीसमोर लोक मोकळेपणी वागतात, आणि बघायला पुष्कळ मिळते.

आमचे आधुनिकीकरण असे चाले. पेशंट आला की खिडकीवरचे बाबू चिठ्ठीवर त्याचे नाव, गाव, आजार लिहीत. चिठ्ठी माझ्याकडे येई, मी ती टाइप करी. प्रिंटर करवतीसारखा आवाज काढत कागद बाहेर टाकी. तो कागद परत बाबूंकडे जाई आणि ते तो बघून रजिस्टरात उतरवत, कारण ऑडिटला छापील कागद चालत नसे. "वेळ लागतो," साहेब रांगेला समजावत, "पण अचूक होतं." रांग मान डोलवी. रांगेत कुणाला ताप असे, कुणाचा हात मोडलेला असे.

कुणी काहीही विचारले की साहेब म्हणत, "कॉम्प्युटरला विचारू." खाट रिकामी आहे का? कॉम्प्युटरला विचारू. खाट समोरच्या दारातून दिसत असे. कॉम्प्युटरला मात्र ती आठवडाभराने कळे, कारण माझ्या टेबलावर चिठ्ठ्या तेवढ्याच मागे पडलेल्या असत.

मशीनला गारवा लागतो, असे पुस्तकात लिहिले होते. दवाखान्यात मोठा कूलर एकच, तोही बाळंतिणींच्या वॉर्डात. चंद्रपूरचा उन्हाळा नुसता सुरू झाला होता तेव्हाच तो उचलून आमच्या खोलीत आला. बाळंतिणींना पंखा उरला. तो गरम हवा इकडची तिकडे करी.

त्या वॉर्डच्या सिस्टर ब्रह्मपुरीकडच्या. दुपारी दारात येऊन उभ्या राहत, बूट न काढता, म्हणून बाहेरच.

"साहेब, कूलर देता का?"

"मशीन तापलं तर बंद पडेल, सिस्टर."

"अन् माह्या बाया तापल्या त?"

"रिपोर्ट द्या. कॉम्प्युटरवर घेऊ. गरज दिसली की बघू."

सिस्टरनी रिपोर्ट दिला. मी तो भरायला घेतला, पण प्रोग्राममध्ये उकाड्याचा रकानाच नव्हता. साहेब पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "यात तर काहीच दिसत नाही."

"दिसन कसं?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही थंड्यात बसून राह्यले."

मे महिन्यात मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावाहून बाळंतीण आली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ एवढे तापले की दूध ओढेना. डॉक्टर म्हणाले, "आधी हिला गारव्यात न्या." गारवा एकाच खोलीत होता.

नेमके त्याच दुपारी नागपूरचे ट्रस्टी कॉम्प्युटर बघायला येणार होते. साहेबांनी टाय लावला होता. आवरण दोनदा पुसून झाले होते. इतक्यात दारात सिस्टर आल्या. मागे बाळंतिणीची खाट, पुढे बाळाला छातीशी धरलेली म्हातारी सासू.

"आधी चपला," साहेबांच्या तोंडून सवयीने निघाले.

म्हातारीने आपल्या पायांकडे बघितले. पाय अनवाणी होते. "चपला त नाई बापू," ती म्हणाली. "कधीच नोहत्या."

साहेबांचा नियम चपलांपुरताच होता. सिस्टरनी आपले बूट उंबऱ्याशी सोडले.

"आता काऊन अडवून राह्यले, साहेब?"

खाट आत आली. मी माझी खुर्ची सरकवून जागा केली. सिस्टरनी कूलरचे तोंड मशीनकडून बाळाकडे फिरवले.

पाहुणे बूट काढून मोज्यांवर आत आले. साहेब टाय सरळ करून म्हणाले, "हा आमचा नवा प्रयोग. बाळंतीण आणि बाळ, दोघं कॉम्प्युटरच्या देखरेखीखाली." पाहुण्यांनी आदराने पडद्याकडे बघितले. पडद्यावर मी गेल्या आठवड्यातले खरजेचे पेशंट भरत होते.

"उत्तम," पाहुणे म्हणाले.

ते गेले आणि वीजही गेली. पडदा काळा झाला, कूलर थांबला. साहेबांनी प्रिंटरच्या कागदाची जाड घडी उचलली आणि ते मशीनला वारा घालू लागले. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. हळूहळू त्यांचा हात वळला आणि वारा बाळावर जाऊ लागला. मी बघते आहे, हे लक्षात येताच तो परत मशीनकडे गेला.

"मशीन तापतंय," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटले आणि पाठ फिरवून बसले.

थोड्या वेळाने मागून म्हातारीचा आवाज आला, "अजून जरासा इकडं, बापू."

उन्हे कलली तेव्हा बाळ दूध ओढू लागले.

त्या 'प्रयोगा'बद्दल साहेबांना नागपूरला बढती मिळाली. तिथेही दाराबाहेर चपलांचा ढीग पडत असणार. ट्रस्टींनी प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, म्हणून त्या खोलीत येऊ लागलेल्या बाळंतिणींना मग कूलरपासून हलवायची कुणाची हिंमत झाली नाही. कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकत गेला. आवरण सिस्टरनी काढून घेतले. ते पुढे बाळांच्या खाली अंथरलेले असे. ओले झाले की सिस्टर फडके झटकत आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुसत.