हात तुटक दिसतात

केडगाव स्टेशनच्या रस्त्याला जयसिंगचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. एक खोली, एक जुना डेस्कटॉप आणि भिंतीवर अनोळखी नवरा-नवरींचे फोटो. रांजणगावच्या कंपनीत बावीस वर्षं शिफ्ट मारून झाल्यावर त्यानं हे काम धरलं. आसपासच्या गावांतले कॅमेरावाले लग्नाचे तुकडे त्याच्याकडे आणून टाकतात. तो ते जुळवतो, गाणी घालतो आणि शेवटी सगळं एकजीव करायला मशीनला लावून देतो. त्याला रेंडर म्हणायचं. एका लग्नाचा रेंडर पाच-सहा तास चालतो आणि मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून.

घर तिकडं राहू गावात. बायको सिंधूबाई झेंडू आणि कांद्याचं रान बघते. एकुलती एक मुलगी वैष्णवी जन्मापासून बहिरी. दीड वर्षापूर्वी ती इंदूरला गेली. तिथल्या एका संस्थेत ती बहिऱ्या मुलांना शिकवते.

वैष्णवीशी बोलायचं म्हणजे हातांनी. शाळेत तिला खुणांची रीतसर भाषा मिळाली, पण ती नंतर. त्याआधीच या तिघांनी घरात आपली आपण एक भाषा जमवली होती. कपाळाला बोट लावलं की आई. मिशीवरून बोट फिरवलं की बाप. बोट चाटलं की राहू, कारण गावाच्या चहूबाजूंनी गुऱ्हाळं. ही भाषा मोबाईलवर टाइप करता येत नाही. म्हणून वैष्णवीच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी एक वाजता, रोजचा व्हिडिओ कॉल ठरलेला. साखरेच्या दुखण्यानं जयसिंगची नजर अधू झालेली, मोबाईलच्या पडद्यावर पोरीची बोटं त्याला काडीएवढी दिसायची. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर मात्र ती समोर बसल्यासारखी वाटायची. त्या अर्ध्या तासासाठी तो सकाळपासून घड्याळ बघायचा.

लग्नसराई सुरू झाली आणि कॉल बिघडायला लागले. वैष्णवीचा हात वर जायचा आणि तिथंच थिजायचा. मग एकदम खाली आलेला दिसायचा. मधलं काय बोलली ते गेलं. दुसऱ्या कुणाच्या पोरीचं चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो. हिचं बोलणंच चित्रात. जयसिंग पुन्हा पुन्हा विचारायचा, ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि दीड वाजायचा.

एक दिवस तिचा मेसेज आला. ‘पप्पा, तुमचे हात तुटक दिसतात. काही कळत नाही. बिझी असाल तर राहू द्या.’

त्यानंतर कॉल एक दिवसाआड आले, मग फक्त रविवारी. संध्याकाळी घरी गेल्यावर, दिवसभर रानात असलेली सिंधूबाई भाकरी थापता थापता विचारायची, “काय म्हणली वैशू?”

“बरी हाय. जेवली म्हणली.”

“आन् अजून काय?”

“थंडी हाय म्हणली तिकडं.”

चार तुकडे दिसलेले असायचे, बाकीचं जयसिंग मनानं भरायचा. दिवसभर लग्नं जुळवणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं.

आधी त्याला वाटलं, नेटचा दोष. त्यानं फायबरची लाईन ओढून घेतली. फरक शून्य. मग एका दुपारी रेंडर चालू असताना तो नुसता माऊस हलवत बसला होता. बाणसुद्धा अडखळत, उड्या मारत चालत होता. रेंडर संपला आणि बाण पाण्यासारखा सरकला. म्हणजे दुखणं नेटमध्ये नव्हतं, इथं टेबलाखालच्या मशीनमध्ये होतं.

त्यानं नागसेनला फोन लावला. नागसेन शिरूरचा, जयसिंगपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. या मशीनवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिमही त्यानंच टाकून दिली होती.

“घेऊन या मशीन,” नागसेन म्हणाला. “फोनवर न्हाई कळायचं.”

दुसऱ्या दिवशी जयसिंगनं मशीनचा डबा गोधडीत गुंडाळला, मोटरसायकलला मागं बांधला आणि चौफुल्यावरून, पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलं. खड्डा आला की तो मागं हात लावून बघायचा.

नागसेननं आधी एक लग्न रेंडरला लावलं. मग स्वतः मोबाईल घेऊन अंगणात गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल केला. “मी बोटं दाखवतो. तुम्हाला जेवढी दिसतील तेवढी कागदावर लिवा.”

दहा वेळा दाखवून झाल्यावर दोघांनी ताळा घेतला. जयसिंगची चारच बरोबर आली होती.

“मशीनमध्ये शेड्युलर असतो, भाऊ,” नागसेन समजावत म्हणाला. “परोसेसरवर कुणाचं काम कवा घ्यायचं ते त्यो ठरवतो. सध्याचा जो हाय, त्यो सगळ्यांना सारखं वाटून देतो.”

“मग चांगलंच हाय की.”

“वाटणी चांगली, पर रेंडर म्हंजी एक काम न्हाई. त्याचे आठ धागे, आठीच्या आठी कायम भुकेले. तुमचा कॉल थोडंसंच मागतो, पर सेकंदाला तीस वेळा मागतो, आन् जवाच्या तवा मागतो. त्याची पाळी येते, पर उशिरा येते. तवर वैष्णवीचा हात खाली आलेला असतो.”

कॉल थोडंसंच मागतो, हे शब्द त्याच्या मनात राहिले.

नागसेननं नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकलं. आता चालू मशीनवर शेड्युलर बदलता येतो, मशीन बंद करावं लागत नाही, असं तो म्हणाला. एक नवा लावला. रेंडर आधीपेक्षा थोडा जोरात पळाला, पण बोटं तीनच बरोबर आली. तो काढून दुसरा लावला. हा वेगळा होता. जो मधूनमधून उठतो, थोडं काम करून पुन्हा निजतो, त्याला हा ओळखायचा आणि आधी आत घ्यायचा. अंगणातनं नागसेननं बोटं दाखवली. दोन, पाच, तीन. मूठ. दहाच्या दहा बरोबर आली. पण रेंडरचा साडेपाच तासांचा अंदाज सव्वासहावर गेला.

“दोन्ही न्हाई मिळायचं या मशीनवर,” नागसेन म्हणाला. “हात येळेवर दिसतील, लग्न उशिरा निघंल.”

“निघू दे.”

परतल्यावर जयसिंगनं वैष्णवीला मेसेज केला. ‘उद्या कर. हात दिसतील.’

दुसऱ्या दिवशी एक वाजता कॉल आला. मागं रेंडर चालू होता. वैष्णवीनं दोन्ही हात वर केले आणि ते हात वाहत राहिले, कुठं तुटले नाहीत. जयसिंगला क्षणभर काय बोलतेय ते बघायचं भानच राहिलं नाही, तो नुसता हात बघत राहिला. मग सावरला. ती कुणा मुलीची हकिगत सांगत होती. त्या मुलीला ताप भरला. आठ दिवस. खोलीवरच्या बाकीच्या पोरी सुट्टीला गेलेल्या. ती एकटीच पडून होती. मोबाईल उशाशी ठेवायची, पण कुणाला सांगणार, कुणाला काही कळत नव्हतं. त्या मुलीचं नाव ती मनगटावर दोन बोटं टेकवून दाखवत होती. ही खूण जयसिंगला नवी होती.

त्यानं विचारलं, ‘कोण ही पोरगी?’

वैष्णवी थांबली. मग हसली आणि बोट स्वतःच्या छातीकडं वळवलं. ‘मीच. इथल्या माझ्या लोकांनी मला हे नाव दिलंय.’

घरात तिचं नाव गालावरच्या खळीत बोट रुतवून घेत. जयसिंगचं बोट आपोआप गालाकडं गेलं आणि तिथंच राहिलं. मशीन कुठं अडखळलं नव्हतं. तोच थांबला होता. ‘ताप कवा आलेला?’ त्यानं विचारलं. तिनं महिना सांगितला. त्याच महिन्यात तो घरी सिंधूबाईला ‘बरी हाय’ सांगत होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं सिंधूबाईला सगळं सांगितलं. मनानं भरलेलं कोणतं, खरं कोणतं, तेही सांगितलं. ती रागावली नाही. कालवणाखालचा गॅस तिनं बंद केला आणि भिंतीला टेकून बसली.

“उद्या मी येते दुकानात,” ती म्हणाली.

सकाळी मारुतरावांचा फोन आला. रेंडरला लावलेल्या लग्नातल्या नवरीचे ते मामा, व्हिडिओ कधी मिळणार म्हणून विचारत होते. शिरूरला गेलेला दिवस आणि हळू झालेले रेंडर धरून दोन दिवस उशीर होईल, जयसिंगनं सांगून टाकलं.

साडेबाराच्या आत सिंधूबाई स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसली होती, केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. कॉल लागला. मायलेकी बोलत राहिल्या. वैष्णवीनं आईला नवं नाव शिकवलं. सिंधूबाईची बोटं मनगटाऐवजी दोनदा तळहातावर पडली, तेव्हा पोरीनं हात पुढं करून पुन्हा दाखवलं, जणू आईचा हात धरूनच दाखवत होती.

दीड वाजता पडदा काळा झाला. सिंधूबाई उठली नाही.

“उद्या बी असंच दिसंल ना?”

“दिसंल.”

“दिवाळीला घरी येईल वैशू. किती महिने हायेत?”

जयसिंगनं बोटांवर मोजले, आणि सांगितलं.