साडूंचं सोपं घर

कामं पुढे ढकलणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतील, पण ढकललेल्या कामाकडे बघून ज्याला ते काम झाल्याचं समाधान मिळतं असा माणूस मी उभ्या नंदुरबार जिल्ह्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तो माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नोकरी सरकारी, घर नंदुरबारात, तापीकाठच्या गावी थोडी शेती आहे ती भाऊ बघतो. मी राहतो अक्कलकुव्याला, त्यामुळे बाजार, दवाखाना, रेल्वे, काहीही निघालं की मुक्काम साडूंकडे. ऑफिसात ते शुद्ध मराठी बोलतात आणि घरात अहिराणी. अहिराणीतला त्यांचा सगळ्यात आवडता शब्द 'करसूत'. म्हणजे करू या. नळ गळतोय, करसूत. गॅसची नळी बदलायचीय, करसूत. हा शब्द ते इतक्या भरवशाने उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, प्लंबर दारात चपलाच काढतोय.

एका चैत्रात त्यांनी भला मोठा कूलर आणला. खिडकीला चौकट केली की बसवायचा, असं ठरलं आणि तो खोक्यातच राहिला. खोकं बैठकीत भिंतीशी उभं. त्याच्यावर आधी वर्तमानपत्रं साठली, मग इस्त्रीचे कपडे, आणि भाद्रपदात सरळ गणपतीच बसला. गणपती उठल्यावर जागा ओकीबोकी दिसायला लागली म्हणून तिथे टीव्ही आला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे घामाने निथळत, पुठ्ठ्याने वारा घेत, कूलरच्या खोक्यावरच्या टीव्हीवर उष्माघाताच्या बातम्या बघत होतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, हा कूलर बसवायचा नाही का?" ते खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घरमा शे ना. मग काय घाई?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच गार वारा लागल्यासारखं समाधान होतं.

न्हाणीघराच्या दाराची कडी तर मी त्यांच्याकडे जायला लागल्यापासून निखळलेली. त्यावर त्या घराने स्वतःच तोड काढली होती. आत जो असेल त्याने गात राहायचं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, ओव्यांसारखं काहीतरी गुणगुणायची. त्यांची मुलगी पूनम कॉलेजातली, ती सिनेमाची गाणी म्हणायची. साडू गात नसत, खाकरत. मला चाल म्हणून एकही येत नाही, म्हणून ऐन मे महिन्यात मी गणपतीची आरती म्हणत अंघोळ केली. बाहेर आलो तर पूनम गंभीरपणे म्हणाली, "मावसा, तुमना आवाज आयकीसन बाजूवाल्या काकू परसाद मांगाले उन्यात." कडी लावायला लागले असते चार स्क्रू. पण चार स्क्रूंच्या वाटेला न जाता त्यांनी अख्ख्या कुटुंबाला गायक करून ठेवलं होतं.

असा हा माणूस एकदा बदलला. ऑफिसात कुणीतरी बाहेरचा वक्ता आला होता. आळस कसा झटकावा आणि घर, संसार, आयुष्य कसं सोपं करावं, यावर त्याने दिवसभर व्याख्यान दिलं. इतर कर्मचाऱ्यांनी जेवणाचा डबा फुकट मिळाला एवढीच त्यातली गोष्ट लक्षात ठेवली. आमचे साडू मात्र संध्याकाळी पेटून घरी आले. येताना त्यांनी एक पांढरा फळा आणला, चार रंगांचे पेन आणले, दोन गजराची घड्याळं आणली आणि घरातल्या वस्तू वेगवेगळ्या ठेवायला झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे इतके आणले की ते ठेवायला घरातल्या वस्तू हलवाव्या लागल्या. घर सोपं करण्याच्या पहिल्याच दिवशी ताईला स्वयंपाकघरात अंग चोरून, आडवं होऊन शिरावं लागलं. फळ्यावर रोजची कामं लिहायची होती. पण फळा भिंतीवर लावायचा तर खिळा हवा, आणि खिळा मारणं हे स्वतःच एक काम होतं. ते कुठे लिहायचं, हा प्रश्न पडून फळा खाली जमिनीवरच टेकून राहिला.

पण आवराआवर मात्र त्यांनी खरोखर सुरू केली, कारण तिच्यात स्वतःचं काही करायचं नव्हतं, बायकोचं काढून टाकायचं होतं. नियम असा की, वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. हा नियम त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांना समोर बसवून जाहीर केला. ताई पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि वरीसभर ज्याना कामले हात लागना नही, त्याले कोठे ठेवानं?" पूनम हसली. मीही हसलो. साडूंनी हे वाक्य विरोधकांचं म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी पाटा-वरवंटा गेला, शेवयांचं यंत्र गेलं, पुरणयंत्र गेलं आणि पन्नास माणसांची भाजी होईल असं पितळी पातेलं गेलं. भंगारवाले चाचा त्यांच्याच गल्लीतले, पिढ्यान्‌पिढ्या नंदुरबारात राहिलेले. त्यांनी ते सगळं हातगाडीवर चढवलं, साडूंना सलाम केला आणि जाताना ताईकडे नुसतं बघितलं. मी चाचांना नंतर बाजारात भेटलो तेव्हा म्हणाले, "भाभी का सामान अलग रखा है. तोडता नहीं मैं. साहब का मन दो-चार रोज में ठंडा हो जाता है." आणि झालंही तसंच. पुढच्या दारातून गेलेलं सामान मागच्या दाराने परत आलं आणि शेजारच्या काकूंच्या पलंगाखाली मुक्कामाला राहिलं. साडू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळी फळी दाखवत. "देखा, कितलं हलकं लागस." श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातला देवीचा सण आला, भाऊबंद जेवायला जमणार, तेव्हा मोठं पातेलं कुठे आहे म्हणून त्यांनीच घर डोक्यावर घेतलं. ताईने काकूंकडून ते आणून चुलीवर चढवलं. वाटलं, आता तरी माणूस वरमेल. साडू पातेल्यावर टिचकी मारून भाऊबंदांना म्हणाले, "जी वस्तू खरी कामनी ऱ्हास, ती आपोआप वापस येस. हाई सिस्टीम शे."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं. एक गोष्ट मात्र नेता आली नाही. ताईच्या पोटात दुखायचं. कधी कामाच्या मध्येच ती ओट्याला धरून उभी राहायची, मग पुन्हा भाकरी थापायला लागायची. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं, सुरतला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. साडू म्हणाले, "देखाडसूत." मिरचीचा हंगाम आटोपला की दाखवू. मग पूनमची परीक्षा झाली की. मग लग्नसराई उरकली की. मग दिवाळी झाली की. फळ्यावर एका कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत 'सुरत' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं, आणि त्याच्याखाली घर सोपं करण्याची वचनं दर आठवड्याला बदलत होती. माझी बायको एकदा त्यांच्या तोंडावर बोलली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विषय पावसाकडे वळवला. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला.

शेवटी ताईने आपलं काम आपणच केलं. एका सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, हातात पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली. सोबत पूनम. माझी बायको स्टेशनवर वाट बघत होती, तिघींचं आधीच ठरलं होतं. साडू गजराच्या घड्याळात सेल घालत होते.

"मी सुरतले जाई ऱ्हायनू," ताई म्हणाली.

"साड्या लेवाले?"

"पोट देखाडाले. भाजी करी ठेयेल शे. भाकरी झाकेल शे."

ती गेली. दुपारी पूनमचा मला फोन आला, की डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, उद्या ऑपरेशन, आणि पप्पा फोन उचलत नाहीत. मी मिळेल त्या गाडीने नंदुरबार गाठलं. दार उघडंच होतं. साडू जमिनीवर बसले होते, सकाळच्याच लुंगीत. भाकरी झाकलेली तशीच. मी सांगितलं तसे ते काही न विचारता उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाई करताना पाहिलं आणि ती त्यांना अजिबात येत नव्हती. दवाखान्यात लागेल म्हणून त्यांनी थैलीत जे सापडेल ते कोंबलं. उशी, बॅटरी, कपडे वाळत घालायची दोरी, विळी, लोणच्याची बरणी, आणि कुकर. मी म्हटलं, "कुकर कशाला?" ते म्हणाले, "असू दे. काय लागी, कोणले माहीत." साधेपणाच्या त्या पुजाऱ्याला मी विळी आणि कुकरसह सुरतच्या गाडीत बसवलं. शर्ट उलटा घातलेला होता. ते मी त्यांना नवापूर येईपर्यंत सांगितलं नाही.

पोचायला रात्र झाली, ताईजवळ आम्हाला सोडेनात, आणि दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हाही आम्ही दोघं बाहेर बाकावरच होतो. साडूंनी कुकरची थैली पायाशी ओढून घेतली. मग म्हणाले, "साडूभाऊ, मी आळशी शे. हाई सगळा गावले माहीत शे. पण हाई काम आळसमुळे ऱ्हायनं नही."

"मग?"

"डॉक्टरकडे गयात का तो काहीतरी सांगी. नही गयात तोपर्यंत ती घरमा शे, भाकरी करी ऱ्हायनी, माले बोली ऱ्हायनी. माले इतलंच पुरे व्हतं."

मला बरंच सुनवायचं होतं, आणि गाडीत मी ते जुळवूनही ठेवलं होतं. त्यांच्या भीतीचं ओझं ताईने एवढे महिने पोटात वागवलं, हे मी बोललो असतो तर ते खोटं नसतं. पण ते रडत होते, उलटा शर्ट सुलटा करताना एक गुंडी चुकलेली होती, आणि माझ्याच्याने झालं नाही.

गाठ निघाली. पुढे तपासून आली तीही चांगली आली, काळजीचं काही नव्हतं. ताई शुद्धीवर आल्यावर तिने आधी पूनमला बघितलं, मग माझ्या बायकोला, मग पायथ्याशी उभ्या असलेल्या नवऱ्याला.

"तुम्ही कव्हय उनात?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"कालदिनच."

ताईने पूनमकडे पाहिलं. "खरंच कालदिन?" पूनमने मान हलवली. ताई डोळे मिटून हसली, आणि टाके ओढले गेले म्हणून कण्हली.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही दुपारच्या गाडीने परत निघालो. ताई खिडकीशी, तिच्या शेजारी साडू, मी समोर. व्यारा मागे पडलं तेव्हा ताईचा डोळा लागला आणि तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. साडू ताठ झाले. संसाराच्या इतक्या वर्षांत चारचौघांत असं कधी झालं नसणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं तेव्हा त्यांनी मोकळा हात वर करून धरला, आणि तो तसाच ठेवला. खांडबाऱ्याला गाडी थांबली. चहावाला आला, त्याच्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. शेतांमधून लाल मिरच्यांचे गालिचे वाळत पडलेले मागे जात होते. ऊन दुसरीकडे वळलं तरी त्यांचा हात खाली आला नाही.

नंदुरबार आलं. मी सामान दाराशी नेलं, माझी बायको आणि पूनम उतरायला उभ्या राहिल्या. साडू हलेनात. मी म्हटलं, "साडूभाऊ, स्टेशन आलं. उठवा ताईंना." ते तिच्याकडे बघत होते. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"गाडी हालू दे ना थोडी," ते म्हणाले. "अजून झोपेल शे ती."