डावीकडून वाचलेली गाथा

दिग्रसच्या बसस्टँडसमोर उर्वशी मुनेश्वर यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड, सातबारा, टीसी, दिवसभर तेच. मशीनमागच्या भिंतीवर मात्र एका भूर्जपत्राचा मोठा फोटो चिकटवलेला: गांधारातलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, चुरा व्हायला आलेलं, आणि त्यावर खरोष्ठी लिपी.

"ताई, हे उर्दू हाय का?" गिऱ्हाईक विचारतं.

"उर्दूसारखं उजवीकडूनच वाचतात, पण बुद्धाचं हाय. तुमची कॉपी एकीकडून का दोन्हीकडून?"

पुण्याच्या केतकी मॅडमच्या ऑनलाइन वर्गात उर्वशीताई दोन वर्षं ही लिपी शिकल्या. मार्चमध्ये मॅडमनी सहा जणांचा वाचनगट करायचं ठरवलं. अजून कुणीच न वाचलेल्या तुकड्यांवर काम. जागा हवी तर आधी एक तुकडा वाचून दाखवायचा. उर्वशीताईंना ती जागा हवीच होती.

मॅडमनी दिलेल्या तुकड्याच्या पाचही ओळी त्यांनी एका दमात वाचल्या.

"उर्वशीताई," मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत पान फाटलंय. तिथली अक्षरं तुम्हाला कुठं दिसली?"

दिसली नव्हतीच. ही गाथा पालीत त्या सातव्या वर्षापासून विहारात म्हणत आल्या होत्या. पहिले दोन शब्द ओळखीचे निघाले आणि जीभ पुढे पळाली.

"तुम्ही वाचलं नाही, म्हटलंत. आठ दिवसांनी पुन्हा. मग मात्र यादी बंद."

घरी सासूबाई रुखमाबाई तडकल्या. "पाठ येते हा गुन्हा हाय का वं? भुलून जा म्हणते का ते मास्तरीण?"

"हो आई. आठ दिवस भुलाच लागन."

"मंग विहारात वंदना कोण घेईन?"

"तुम्ही घ्या."

"अन् मी अटकली त?"

"त अटका. मी नाही सांगत."

दुकानात त्यांनी पुठ्ठ्याला एका अक्षराएवढी खिडकी कापली. ओळ सरळ धरली की जीभ धावायचीच. म्हणून त्या शेवटाकडून निघाल्या. डावीकडून, उलट्या, एकेक अक्षर खिडकीत धरून वहीत उतरवत. उलट्या गाथेला चाल नसते. फाटलं तिथं नुसते ठिपके. पाचव्या दिवशी चौथी ओळ जुळवली, तर ती त्यांची नव्हतीच. कधी न ऐकलेली ओळ. पुसून पुन्हा काढली. तीच.

रुखमाबाई वहीकडे पाहत राहिल्या. "म्हंजे आपलं चुकलं?"

"चुकलं नाही, आई. तिकडचे लोकं असं म्हणत असतीन."

"मंग त्याईचं त्याईच्यावानीच वाच. आपलं घुसवू नको मंधात."

आठव्या दिवशी उर्वशीताई सावकाश वाचत गेल्या. तिसऱ्या ओळीत थांबल्या. "इथं सहाएक अक्षरांची जागा फाटली आहे. मला वाचता येत नाही."

"अंदाज?"

"अंदाज हाय मॅडम, पण तो घरून आणलेला हाय."

मग चौथी ओळ. अडखळत, पण जशी होती तशी.

"सोमवारपासून गटात या," मॅडम म्हणाल्या. "नवा तुकडा पाठवते. तो कुणालाच पाठ नाही."

"आताच पाठवा," म्हणत उर्वशीताईंनी प्रिंटरमध्ये कागद भरला.