धोंडीचं कडवं

"गीत संपलं, धोंडी. बस खाली."

पुढच्या बाकड्यावरनं देवळाचा कारभार बघणारे पंच बोलले. भर उपासनेत. अख्खं देऊळ मागं वळून माझ्या बापाकडं बघायला लागलं. एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

आम्ही परळचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. त्या रविवारी देवळात पहिल्यांदा बाचं गीत होणार होतं. बा गिरणीत राबून छातीनं खंगलेला. लिहिता येत नव्हतं. गीतं डफावर जुळवायचा आणि मला पाठ करायला लावायचा. शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचा. कीर्तनाची जुनी रीत ती, आमच्यातले सगळेच गीतकार पाळतात.

धोंडी म्हणे, येशूराया,
मज दाराबाहेर ठेवू नको.

पंचांनी नेमकं तेवढंच कडवं गाळलं. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. पेटी थांबली, लोक बसले, आणि बा एकटाच उभा. डोळे मिटून गातोय. "धोंडी म्हणे" एवढंच तोंडातनं निघालं होतं. बा खाली बसला. खोकला दाबायला रुमाल तोंडात कोंबला.

उपासना सुटल्यावर मी पंचांना गाठलं. "कडवं का कापलंत?"

"अगं, सगळा महिमा प्रभूचा. माणसाचं नाव कशाला मिरवायचं?"

"मग तुमच्या आजोबांच्या गीतात त्यांचं नाव दर रविवारी म्हणतो आम्ही, ते?"

"ते शास्त्री होते. त्यांची गोष्ट वेगळी. धोंडी म्हणे, असं देवळात म्हणायचं? लोक हसतील."

त्यांचा आजा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झाला, माझा आजा महाराचा. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पाप धुतलं जातं म्हणे. मेली जात तेवढी तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी लालबागला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. पंच स्टेजवर. "मराठी माणूस आता एक झालाय!" असे गरजले की टाळ्यांचा कडकडाट. मीही मोर्चात लाठी खाल्लेली बाई. पण त्या दिवशी माझे हात उचललेच नाहीत. मुंबई मिळेल हो तुम्हाला, मनात म्हणलं, माझ्या बाला दोन ओळींची जागा मिळेना.

बानं परत डफ हातात धरला नाही. मी म्हणायची, "बा, एखादं जुळव की."

"कुणासाठी?" एवढंच बोलायचा.

त्याच साली गेला. शिवडीच्या कबरस्तानात माती देताना पंचांनी मान म्हणून तेच गीत घेतलं. कडव्याशिवाय. मग मी एकटीनंच कडवं उचललं. पंचांनी माझ्या आवाजावर प्रार्थना सुरू केली. एकानंही साथ दिली नाही. आमच्या चाळीतल्यांनीही नाही. त्याचं जास्त लागलं.

पुढं काही दिवसांनी पंच चाळीत आमच्या खोलीवर आले. कधी नव्हे ते.

"धोंडीबांची बाकीची गीतं तुलाच तेवढी पाठ आहेत. चाली फार गोड. देवळाला दे, टिकतील. नाहीतर तुझ्यामागं संपलंच सगळं."

खरं होतं ते. मला मूलबाळ नाही. चाळीतल्या पोरींना शिकवून बघितलं. दोन दिवस आल्या, मग त्यांना सिनेमाची गाणी बरी वाटली.

"नावासकट घ्याल?"

"ते पुढं बघू."

"मग नाही."

"हट्टापायी बापाची गीतं मारतेयस तू."

मी दार लावून घेतलं. आणि रडले. खोटं कशाला बोलू?

अजून स्टोव्हपाशी बसलं की एखादं गीत ओठावर येतं. ऐकायला कोण आहे? मी गेले की तीही जातील, मला ठाऊक आहे. जाऊ देत. नाव छाटून एक ओळ मी कुणाला द्यायची नाही. उद्या खुद्द येशू मागायला आला, तरी त्याला उंबऱ्यातच विचारीन, नावासकट घेतोस का?