आनंदाचा अंक

विद्यापीठात तिला सगळे सूचनाबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच पडून राहिलं. दर शुक्रवारी विद्यापीठाचं बातमीपत्र निघायचं, पूर्वी कागदावर आणि आता मोबाइलवर. त्यातल्याच सूचना रविवारी पाळकसाहेबांची उपासना संपल्यावर चॅपलमध्ये, म्हणजे आवारातल्या चर्चमध्ये, वाचून दाखवल्या जायच्या. कुणाच्या संशोधनाला बक्षीस मिळालं, ग्रंथालय सुट्टीत कधी उघडं राहणार, मुलींच्या वसतिगृहाचं गरम पाणी कधी सुरू होणार, कुणाची छत्री सापडली, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. सूचनाबाईने लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं लोक थट्टेने म्हणत. ती हसायची, पण मनातल्या मनात तिलाही ते थोडंसं पटलेलं होतं. माणूस एकाच खुर्चीत वर्षानुवर्षं बसला की त्या खुर्चीएवढंच जग आहे असं त्याला वाटायला लागतं, त्यात तिचा काय दोष?

तिचा नवरा त्याच आवारात वायरमन होता. कायम नव्हे, कंत्राटी. पण कंत्राटदार चार बदलले आणि हा मात्र तोच राहिला. खांद्यावर शिडी घेतल्याशिवाय तो कुणाला दिसला नसेल, म्हणून मुलांनी त्याचं नाव शिडीमामा पाडलं. नाताळाचा हंगाम म्हणजे नवराबायकोच्या कामाचा कळस. ती गीतगायनाची, चहापानाची, सुट्ट्यांची निवेदनं लिहायची आणि तो चॅपलच्या घुमटापासून फाटकापर्यंत दिव्यांच्या माळा सोडायचा. "तू लोकांना बोलावतेस," तो म्हणायचा, "आणि ते धडपडू नयेत म्हणून मी उभा राहतो." संसार म्हणाल तर एवढाच, पण गोडीचा होता. एक लेक होती, ती लग्न होऊन लांब गेलेली.

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं आहे. नाताळाआधीच्या चार रविवारी चॅपलमध्ये एकेक मेणबत्ती लावतात. पहिली मेणबत्ती लागली की नवं वर्ष उजाडेपर्यंत बातमीपत्रात वाईट बातमी छापायची नाही. कुणी गेलं, तरी ते जानेवारीच्या अंकात. या दिवसांतल्या अंकाला सगळे आनंदाचा अंक म्हणत.

हा नियम आभाळातून पडलेला नव्हता. तो सूचनाबाईच्याच चुकीतून निघाला होता. ती नवी असताना सूचना ज्या क्रमाने हाती येतील त्या क्रमाने लिहायची. एका नाताळात चॅपलमध्ये वाचणाऱ्या तरुण प्राध्यापकाने एका दमात वाचून टाकलं, "आपले जुने ग्रंथपाल काल प्रभूच्या घरी गेले. यानंतर अंगणात केक आणि चहा आहे, सर्वांनी आनंदात सहभागी व्हावे." मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग ते हसू आवरेना. ग्रंथपालांची बायको पहिल्या बाकावर बसली होती. त्या वेळच्या कुलगुरूंनी सूचनाबाईला बोलावून फार काही सुनावलं नाही. भला माणूस. "यापुढे या दिवसांत असं काही नकोच," एवढंच म्हणाले. तिने ते मनावर घेतलं, आणि असं घेतलं की कुलगुरू निवृत्त झाले तरी तिने ते सोडलं नाही. कुणी रडत आलं तरी ती समजूत काढायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "जानेवारीत टाकू हं, नीट, चौकटीत."

या वर्षी शिडीमामा शिडीवर चढलाच नाही. पावसाळ्यापासून त्याच्या पोटात दुखत होतं. त्याने ते बायकोपासून लपवलं, बायकोने डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला, आणि डॉक्टरांनी बोलायचं ते लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. पहिली मेणबत्ती लागली तेव्हा तो इस्पितळाच्या खाटेवर होता. माळा लावायला नवा माणूस आला होता. सूचनाबाई ऑफिस सुटलं की तडक इस्पितळात जायची आणि तो पहिला प्रश्न विचारायचा, "फाटकावरची माळ पेटली का?"

"पेटली."

"सगळी?"

"सगळी," ती सांगायची. निम्मी पेटत नव्हती.

एका दुपारी तो बराच शुद्धीवर होता. उशी नीट करून घेतली आणि म्हणाला, "मला चॅपलमधूनच ने. त्या छपराखाली माझं आयुष्य गेलं, पण बसायला कधी मिळालं नाही. आणि पाळकसाहेबांना वाचायला लाव, तू लिहिलेलं. इतक्या लोकांचं लिहिलंस, मी मागे बटणांपाशी उभा राहून ऐकलंय सगळं. माझंही जरा बरं लिही."

"काहीतरीच बोलू नका."

"आणि खोटं फार घालू नकोस. लोकांना वाटेल दुसराच कुणी गेला."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. "लिहीन," ती म्हणाली. त्याला आणखी काही नको होतं. दागिना नाही, घर नाही, उभ्या जन्मात त्याने मागितलेली ही एकच गोष्ट. आणि ती द्यायला तिच्याइतकं योग्य माणूस सगळ्या विद्यापीठात दुसरं नव्हतं.

तो गेला तेव्हा तिसरी मेणबत्ती लागून गेली होती.

सूचनाबाई सकाळी इस्पितळातून सरळ ऑफिसात आली. जनसंपर्क अधिकारी म्हणून वर्षभरापूर्वी एक तरुण साहेब आले होते, तिच्या लेकीच्या वयाचे. ते उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. माणूस वाईट नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"साहेब, एक ओळ टाकायची होती," ती म्हणाली. "उद्या दफन आहे. लोकांना कळलं तर येतील."

साहेबांनी मान खाली घातली. "बाई, मला कळतं. पण आनंदाचा अंक चालू आहे. मी आलो तेव्हा तुम्हीच मला हा नियम समजावून सांगितलात. स्वयंपाकघरातल्या त्या आचाऱ्याची बायको गेली, तेव्हाही आपण थांबलो होतो ना? आता तुमच्यासाठी मोडला तर लोक काय म्हणतील?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. "आणि चॅपल?" तिने विचारलं.

"तिथे गीतगायनाचा मंच उभा केलाय. चित्रीकरण चालू आहे. पाळकसाहेब तिथेच अडकलेत. धाकट्या पाळकांना पाठवतो मी, सरळ दफनभूमीतच उरकून घ्या."

उरकून घ्या. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण तो शब्द तिच्या छातीत जो बसला तो बसलाच.

घरी लेक आली होती. ऐकून ती भडकली. "आई, बटण तुझ्याच हातात आहे ना? लिही आणि दाब. फार तर काय करतील?" लेकीचं चुकलं नव्हतं. संगणक समोर होता, परवलीचा शब्द फक्त सूचनाबाईला ठाऊक होता. ती बसली. तिने नवऱ्याचं नाव लिहिलं, खाली दफनाची वेळ लिहिली. मग तिला ग्रंथपालांची बायको आठवली, तो आचारी आठवला, आणि ज्यांना ज्यांना तिने पाणी देऊन परत पाठवलं होतं ते सगळे आठवले. त्यांना नाही आणि मला हो, हे कोणत्या तोंडाने करू? तिने लिहिलेलं पुसून टाकलं. लेक दार आपटून बाहेर गेली.

मग फोन. तिने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. निम्मे सुट्टीला गेले होते. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी उचललाच नाही, कारण या दिवसांत सूचनाबाईचा फोन म्हणजे कार्यक्रमाला या, नाहीतर देणगी द्या. नंतर बघू, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. दिराने आपल्या बाजूने चार माणसं आणली. दफनभूमीत हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसं होती, त्यांत एक रखवालदार आणि तो आचारी. धाकट्या पाळकांना नावही नीट माहीत नव्हतं, ते दर वेळी कागदात बघून घेत होते. तिने काही लिहून आणलं नव्हतं. उघड्यावर कुणाला वाचून दाखवायचं? चॅपलच्या बाजूने गाण्याची तालीम ऐकू येत होती, तेच कडवं पुन्हा पुन्हा. माती लोटून झाली आणि दीर म्हणाला, "चला वहिनी, थंडी वाढतेय." ती चालायला लागली.

दुखवट्याची रजा होती. ती घरी बसून राहिली. मनात मात्र वाक्यं जुळत होती, सवयच ती. जानेवारीच्या अंकात चौकटीत काय लिहायचं, ते ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना जुळवत होती. एक वाक्य तिला फार आवडलं होतं: त्यांनी आपल्यापैकी कुणालाही कधी अंधारात राहू दिलं नाही.

नाताळ दोन दिवसांवर आला होता तेव्हा साहेबांचा फोन आला. आवाज घाईचा होता. जुने कुलगुरू पहाटे गेले होते, तेच, ज्यांनी तिला सुनावलं नव्हतं. "बाई, तुम्हाला त्रास द्यायला नको वाटतं. पण तुमच्याइतकं चांगलं कुणी लिहू शकत नाही. दुपारच्या आत सगळ्यांना गेलं पाहिजे."

ती ऑफिसात गेली. नाही म्हणायचं तिच्या अंगातच नव्हतं. संगणकापुढे बसून तिने शांतपणे विचारलं, "साहेब, आनंदाचा अंक?"

"अहो, त्यांच्यासाठी कसला नियम?" साहेब म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग खाली एक ओळ टाकू का? आमच्या ह्यांची. अगदी लहान अक्षरात."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एका निवेदनात दोन बरं दिसत नाही, बाई. त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? जानेवारीत सगळ्यात वर टाकू. माझा शब्द."

ती लिहायला लागली. पण डोकं रिकामं झालं होतं. कुलगुरूंचे सन्मान, इमारती, परदेशी दौरे, सगळं लिहून झालं तरी माणूस काही उभा राहीना. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. शेवटी तिने, जे तिच्याजवळ तयार होतं तेच दिलं. त्यांनी आपल्यापैकी कुणालाही कधी अंधारात राहू दिलं नाही, असं लिहिलं. आणखीही दोनतीन वाक्यं दिली, तो कुणावर कधी आवाज चढवत नसे, सण दुसऱ्यांचा आणि राबणं त्याचं असे, हे. 'तो'चं 'ते' केलं की झालं. दिल्यावर तिला वाटलं, आता आपल्याकडे त्याच्यासाठी काही उरलं नाही. आणि ते खरंच होतं. साहेबांनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "अप्रतिम," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मंच काढून टाकलेला होता. चॅपल गच्च भरलं. सुट्टीला गेलेले परत आले होते, बसगाड्या भरून जुने विद्यार्थी आले होते, माणसं भिंतीला टेकून उभी होती. सूचनाबाईला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी बाहेरगावची एक वयस्क बाई होती. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहिले आणि तिने लिहिलेलं वाचू लागले. त्यांचा आवाज तिने आयुष्यभर ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता. त्या वाक्यापाशी ते थांबले, घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. सगळ्या चॅपलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले.

नवरा गेल्यापासून सूचनाबाई रडली नव्हती. दफनभूमीतही नाही. आता ती जी रडायला लागली ती थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर येत होता आणि पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "फार जवळचे होते का तुमच्या?"

तिने मान हलवली. "घरचेच," ती म्हणाली.

बाई हळहळली, तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "नशीबवान माणूस हो. बघा किती लोक आलेत."